व्हीएस कोडमधली आपली रंगसंगती: जपून कशी ठेवायची, दुसऱ्याला कशी द्यायची

‘माझी थीम पाठवतो, लाव’ असं म्हणत व्हीएस कोड या कोड लिहिण्याच्या एडिटरच्या सेटिंग्जमधला मजकूर व्हॉट्सॲपवर जातो आणि पुढे ठरलेलं घडतं. समोरच्याकडे डावीकडची पट्टी तेवढी बदलते, कोडचे रंग जुनेच राहतात, वर त्याचा फॉन्टही बदलून बसतो. कुडाळ-सावंतवाडीकडची डिप्लोमाची मुलं असोत की रत्नागिरीत घरी बसून पुण्या-मुंबईच्या कंपन्यांचं काम करणारे, बहुतेकांचं घोडं इथेच अडतं.

स्क्रीनवर दिसणारे रंग एका जागेहून येत नाहीत. तळाला मूळ थीम, म्हणजे रंगांचा तयार संच, असते, तिच्यावर तुमच्या सेटिंग्जमधले बदल बसतात, आणि कोणता शब्द फंक्शन, कोणता व्हेरिएबल ही माहिती त्या भाषेचं एक्स्टेंशन (एडिटरला जोडायचं छोटं पॅकेज) पुरवतं. तुम्ही यातला मधलाच थर उचलून देता. समोरच्याची मूळ थीम वेगळी असली की निकाल वेगळा लागणारच. त्यामुळे सगळे थर एका फाइलीत आणणं, त्या फाइलीचं एक्स्टेंशन बनवणं, आणि कोऱ्या जागी तपासून मगच ते हातावेगळं करणं, हाच खात्रीचा मार्ग आहे. क्रम मोडू नका. बहुतेक चुका क्रम मोडल्यामुळेच होतात.

तयारी: रंगाला हात लावण्याआधी

आधी ठरवा की ही थीम कुठे वापरली जाणार आहे. कोकणात हा प्रश्न महत्त्वाचा आहे. दिवसा पडवीत बसून काम करणाऱ्याच्या स्क्रीनवर अंगणातला उजेड थेट येतो, आणि काळ्या पार्श्वभूमीवर कोडऐवजी स्वतःचाच चेहरा दिसतो. तिथे उजळ थीम लागते. रात्री लाइट गेल्यावर अंधारात लॅपटॉपच्या बॅटरीवर बसणाऱ्याला गडद थीम हवी. दोन्ही हव्या असतील तर दोन थीम करा. एकच मधली थीम दोन्हीकडे चालवायला गेलात तर ती दोन्हीकडे त्रास देते.

मग तुमच्या सध्याच्या सेटिंग्जची प्रत काढा. कमांड पॅलेट, म्हणजे नाव टाइप करून आज्ञा चालवायची पट्टी, उघडा (कंट्रोल-शिफ्ट-पी, मॅकवर कमांड-शिफ्ट-पी), ‘ओपन युजर सेटिंग्ज जेसन’ निवडा (जेसन म्हणजे नाव आणि किंमत अशा जोड्या लिहायची साध्या मजकुराची पद्धत) आणि त्या फाइलीची प्रत वेगळ्या फोल्डरात ठेवा. हे फोल्डर थीमच्या फोल्डरापासून लांब ठेवा. का, ते पाचव्या टप्प्यात येईल.

ऑटो सेव्ह चालू करा. जूनपासून विजेचा भरवसा नसतो आणि डेस्कटॉपवर काम करणाऱ्याला इन्व्हर्टर दर वेळी वाचवतोच असं नाही.

शेवटी एक चाचणीची फाइल बनवा, आणि ती खरी वाटेल अशी बनवा. मी मुलांना आंब्याच्या पेट्यांच्या हिशेबाची छोटी पायथन फाइल लिहायला सांगतो. त्यात मराठी कॉमेंट असते, ‘देवगड हापूस’ अशी देवनागरी स्ट्रिंग असते, पेटीचा दर म्हणून आकडा, एक फंक्शन, एक क्लास, एक न वापरलेलं व्हेरिएबल आणि मुद्दाम ठेवलेली एक चूक असते. तुम्ही एचटीएमएल किंवा जावास्क्रिप्टमध्ये काम करत असाल तर त्याही फाइली ठेवा. एकाच भाषेवर तपासलेली थीम दुसऱ्या भाषेत उघडी पडते.

टप्पा १: वेगळं प्रोफाइल उघडा

खाली डावीकडच्या गिअरवर क्लिक करा, ‘प्रोफाइल्स’मध्ये जा आणि नवं प्रोफाइल, म्हणजे सेटिंग्ज आणि एक्स्टेंशन्सचा वेगळा संच, करा. कशावरून प्रत काढायची असं विचारलं तर ‘नन’ निवडा, म्हणजे ते कोरं निघेल. रंगांचं सगळं काम याच प्रोफाइलमध्ये करायचं. तुमच्या रोजच्या सेटिंग्ज तशाच राहतात आणि थीममध्ये नको ते मिसळत नाही.

आता मूळ थीम निवडा: कंट्रोल-के दाबून लगेच कंट्रोल-टी. तुम्हाला हव्या असलेल्या रंगांच्या जवळात जवळ जाणारी थीम घ्या. उजळ थीम करायची असेल तर मूळही उजळच हवी. गडद थीम घेऊन तिची पार्श्वभूमी पांढरी करणारे बरेच असतात. मग मेन्यू, सूचनांची चौकट, शोधपट्टी असे कोपरे गडदच राहतात आणि ते एकेक करून शोधत बसावं लागतं.

> सावध: मूळ थीम कुणाची आहे आणि तिचा परवाना कोणता आहे ते आत्ताच बघून ठेवा. तुमच्या अंतिम फाइलीत तिचेही नियम येणार आहेत. परवाना एमआयटी (मोकळ्या वापराची मुभा देणारा एक प्रचलित परवाना) असेल तर मूळ कर्त्याची कॉपीराइट सूचना तुमच्या पॅकेजमध्ये ठेवावी लागते.

टप्पा २: रंग बसवा, पण बाहेरून आत

नव्या प्रोफाइलची सेटिंग्जची जेसन फाइल उघडा. इथे दोन मुख्य नोंदी लागतात. ‘वर्कबेंच कलर कस्टमायझेशन्स’ एडिटरच्या चौकटीचे रंग बदलते: पार्श्वभूमी, पट्ट्या, टॅब, टर्मिनल (आज्ञा टाइप करून चालवायची चौकट). ‘एडिटर टोकन कलर कस्टमायझेशन्स’ कोडचे रंग बदलते; टोकन म्हणजे कोडमधला एकेक शब्द किंवा चिन्ह. दोन्ही नावं हाताने पूर्ण लिहू नका. दोन-तीन अक्षरं टाइप केली की एडिटर यादी सुचवतो, त्यातूनच घ्या. एका अक्षराची चूक झाली तरी ती ओळ गुपचूप वगळली जाते, आणि रंग का बदलत नाही हे कळत नाही.

आधी एडिटरची पार्श्वभूमी आणि साधा मजकूर पक्का करा. नंतर पट्ट्या आणि टॅब. कोडचे रंग त्यानंतर. पार्श्वभूमी सर्वात शेवटी बदलली तर आधी निवडलेले सगळे रंग पुन्हा तपासावे लागतात.

रंगाचा कोड हॅशनंतर सहा अक्षरांचा असतो. आठ असतील तर शेवटची दोन पारदर्शकतेची. शोधाच्या खुणा, कर्सरखालच्या शब्दासारखे इतर शब्द, फरक दाखवणाऱ्या पट्ट्या हे सगळं मजकुरावर पसरतं, म्हणून त्यांचे रंग आठ अक्षरांचे आणि अर्धपारदर्शकच हवेत. इथे सहा अक्षरी अपारदर्शक रंग दिला की एका खुणेखाली दुसरी खूण झाकली जाते.

टर्मिनलचे सोळा रंग विसरू नका. उजळ थीम करणारे इथे हमखास चुकतात. टर्मिनलचा पिवळा आणि पांढरा गडद पार्श्वभूमी धरून ठरलेला असेल तर फिकट पार्श्वभूमीवर दिसतच नाही, आणि एखादी इशाऱ्याची ओळ नजरेतून निसटते.

आता मराठी कॉमेंटबद्दल. बऱ्याच थीममध्ये कॉमेंट तिरप्या अक्षरात असतात. रोमन लिपीत ते शोभतं. देवनागरीत मात्र बहुतेक फॉन्टना खरं तिरपं रूप नसतं, त्यामुळे एडिटर सरळ अक्षरच ओढून वाकवतो. ‘पेट्यांच्या हिशेबात त्रुटी’ अशी कॉमेंट लहान आकारात बघा: त्रु, ट्या यांसारखी जोडाक्षरं चिकटतात, मात्रा आणि अनुस्वार शेजारच्या अक्षरावर कलतात. त्यावर फिकट राखाडी रंग असेल तर वाचणारा कॉमेंट वाचायचंच सोडतो. कोडमध्ये मराठीत टिपा लिहिणाऱ्या वर्गासाठी थीम करत असाल तर कॉमेंटच्या नियमात ‘फॉन्ट स्टाइल’ची किंमत रिकामी ठेवा, म्हणजे अवतरणचिन्हं उघडून तशीच बंद करा. ती ओळ नुसती पुसून चालत नाही, कारण मग मूळ थीमचा तिरपेपणा पुन्हा वर येतो.

> तपासा: साध्या मजकुराचं पार्श्वभूमीशी कॉन्ट्रास्ट किमान ४.५ ला १ हवं. वेबच्या सुलभतेच्या निकषांत हाच आकडा आहे. क्रोमच्या डेव्हलपर टूल्समध्ये मजकुराचा रंग निवडताना तो दिसतो. कॉमेंटलाही हाच नियम लावा. मग लॅपटॉप घेऊन भर दुपारी पडवीत बसा आणि ब्राइटनेस मध्यावर ठेवून फाइल वाचा. कुठला रंग आधी नाहीसा होतो ते लगेच कळेल.

टप्पा ३: हट्टी शब्दाचा रंग शोधा

एखाद्या शब्दाचा रंग काही केल्या बदलत नाही, अशी वेळ येतेच. अंदाजाने नियम लिहीत सुटू नका. कर्सर त्या शब्दावर ठेवा आणि कमांड पॅलेटमधून ‘डेव्हलपर: इन्स्पेक्ट एडिटर टोकन्स अँड स्कोप्स’ चालवा. एक चौकट उघडते. तो शब्द कोणत्या प्रकारात मोडतो, सध्याचा रंग कोणता आणि तो कोणत्या नियमामुळे आला, हे सगळं तीत लिहिलेलं असतं.

त्यात ‘सिमँटिक’ (भाषेच्या एक्स्टेंशनने अर्थावरून ठरवलेला) प्रकार दिसत असेल आणि रंगही त्याच नियमातून आला असेल, तर टोकनचा साधा नियम लिहून काही होणार नाही. सिमँटिक नियम साध्या नियमावर मात करतो. त्यासाठी ‘एडिटर सिमँटिक टोकन कलर कस्टमायझेशन्स’ ही वेगळी नोंद लागते. पायथन किंवा टाइपस्क्रिप्टचं एक्स्टेंशन असलेल्या मशीनवर एक रंग आणि नसलेल्यावर दुसरा, असं होतं ते यामुळेच. ही नोंद वापरली असेल तर ती कागदावर टिपून ठेवा. पुढच्या टप्प्यात ती हाताने न्यावी लागणार आहे.

टप्पा ४: सगळे थर एका फाइलीत आणा

कमांड पॅलेटमध्ये ‘डेव्हलपर: जनरेट कलर थीम फ्रॉम करंट सेटिंग्ज’ निवडा. मूळ थीम आणि तुमचे बदल एकत्र करून एडिटर एक लांबलचक जेसन फाइल उघडून देतो.

ती लगेच सेव्ह करा. नाव न दिलेल्या फाइलीला ऑटो सेव्ह लागू होत नाही. नाव रोमन छोट्या अक्षरांत, मध्ये जागा न सोडता द्या, आणि शेवटी ‘कलर-थीम डॉट जेसन’ हा भाग ठेवा. त्या शेपटामुळे एडिटर फाइल थीमची म्हणून ओळखतो आणि चुका दाखवतो.

आता फाइल वाचा. दोन तिरप्या रेघांनी सुरू होणाऱ्या बऱ्याच ओळी दिसतील. ते थीमने स्वतः न ठरवलेले, एडिटरने आपले आपण काढलेले रंग असतात. तसेच राहू द्या. एखादा पक्का करायचा असेल तरच रेघा काढा. सगळ्याच ओळी उघडल्या तर पुढे पार्श्वभूमी बदलताना त्या आपोआप जुळवून घेणार नाहीत.

सिमँटिक नियम या फाइलीत येत नाहीत. ते मागच्या टप्प्यात टिपले असतील तर फाइलीच्या वरच्या पातळीवर ‘सिमँटिक हायलायटिंग’ची किंमत ‘ट्रू’ करा आणि नियम ‘सिमँटिक टोकन कलर्स’खाली लिहा. थीम ‘जवळजवळ’ सारखी दिसते पण काही शब्द चुकतात, ही तक्रार इथे जन्मते.

काही जण ही कमांड न वापरता एक्स्टेंशन्सच्या फोल्डरातून मूळ थीमची फाइल उचलून आणतात. त्यात बरेचदा ‘इन्क्लूड’ नावाची ओळ असते, म्हणजे उरलेले रंग शेजारच्या दुसऱ्या फाइलीत असतात. एकच फाइल उचलली की निम्मे रंग तिकडेच राहतात.

दुसरी थीम करायची असेल तर मूळ थीम बदलून टप्पा २ ते ४ पुन्हा करा. पण त्याआधी पहिल्या थीमचे बदल सेटिंग्जमधून काढा, नाहीतर उजळ थीमचे रंग गडद थीमच्या फाइलीत शिरतील.

टप्पा ५: एक्स्टेंशन बनवा

नोड (जावास्क्रिप्ट चालवणारा प्रोग्रॅम) आणि त्यावर चालणारं ‘व्हीएससीई’ हे एक्स्टेंशन पॅक करणारं साधन एकदा उतरवून घ्यावं लागतं. रेंज चांगली असेल तेव्हा ते आधीच करून ठेवा. पुढचं काम नेटशिवाय होतं.

एक फोल्डर करा. त्यात ‘थीम्स’ नावाचं फोल्डर ठेवून थीमच्या फाइली तिथे टाका, आणि बाहेर पॅकेज डॉट जेसन (एक्स्टेंशनची माहिती), रीडमी (वाचणाऱ्यासाठी ओळख) आणि परवान्याची फाइल ठेवा. पॅकेज डॉट जेसनमध्ये पुढच्या गोष्टी नीट भरा:

- नेम: रोमन छोटी अक्षरं, जागा नाही. एकदा ठरवलं की बदलायचं नाही.
- डिस्प्ले नेम आणि लेबल: लोकांना दिसणारं नाव. इथे देवनागरी चालते. उजळ थीमला ‘पडवी’ असं नाव द्यायला काही हरकत नाही.
- आयडी: थीमच्या नोंदीत हाही द्या. आयडी नसेल तर लोकांच्या सेटिंग्जमध्ये लेबलच साठवलं जातं, आणि पुढे लेबल बदललं की त्यांची निवडलेली थीम हरवते.
- यूआय थीम: उजळ थीमला ‘व्हीएस’, गडद थीमला ‘व्हीएस-डार्क’. हे उलट झालं की ज्या जागी तुम्ही रंग दिलेला नाही तिथे विरुद्ध रंग येतो.
- पाथ: टिंब आणि तिरप्या रेघेने सुरू होणारा, फोल्डरच्या आतला. तुमच्या सी ड्राइव्हचा पत्ता लिहिलात तर थीम फक्त तुमच्याकडेच चालेल.
- पब्लिशर: रिकामा ठेवला तर पॅकिंग होत नाही.
- इंजिन्स: एडिटरची किमान आवृत्ती.

शेवटच्या नोंदीवर थोडं थांबू. तयार साचा वापरला तर इथे अगदी ताजी आवृत्ती लिहिलेली येते. कॉलेजच्या लॅबमध्ये एडिटर जुना असतो, आणि मग ‘जुळत नाही’ असं सांगून तो तुमचं एक्स्टेंशन घ्यायलाच नकार देतो. लॅबमधल्या मशीनवर हेल्प मेन्यूतल्या ‘अबाउट’मध्ये आवृत्ती बघा आणि तीच किंवा तिच्या खालची लिहा. थीममध्ये नुसते रंग असतात, प्रोग्रॅम चालत नाही. जुन्या एडिटरला एखादा नवा रंग कळला नाही तर तो तेवढाच सोडून देतो.

टर्मिनलमध्ये त्या फोल्डरात जाऊन ‘व्हीएससीई पॅकेज’ चालवा. नाव आणि आवृत्ती असलेली, डॉट व्हीएसआयएक्स शेपटाची फाइल तयार होते. रीडमी साच्यातली जशीच्या तशी ठेवली असेल तर साधन अडवतं. दोन ओळी का होईना, स्वतःच्या लिहा.

> सावध: फोल्डरात जे जे आहे ते पॅकेजमध्ये जातं. सेटिंग्जची प्रत इथे ठेवली असेल तर तुमच्या मशीनवरचे पत्ते, सर्व्हरची नावं, कधी पासवर्डसुद्धा सगळ्यांच्या हाती जातील. पॅक करण्याआधी ‘व्हीएससीई एलएस’ चालवून आत काय जातंय ती यादी वाचा.

टप्पा ६: कोऱ्या जागी तपासा

एफ-५ दाबून उघडणाऱ्या चाचणीच्या खिडकीवर विसंबू नका. तिथे तुमच्याच सेटिंग्ज लागू असतात, आणि सेटिंग्जमधले रंग नेहमी थीमच्या वर बसतात. थीमची फाइल चुकलेली असली तरी स्क्रीनवर सगळं बरोबर दिसतं.

त्याऐवजी कमांड पॅलेटमध्ये ‘टेम्पररी प्रोफाइल’ टाइप करून तात्पुरतं कोरं प्रोफाइल उघडा. एक्स्टेंशन्सच्या पट्टीत वरच्या तीन टिंबांवर क्लिक करून ‘इन्स्टॉल फ्रॉम व्हीएसआयएक्स’ निवडा, तुमची फाइल द्या, थीम लावा. कोऱ्या प्रोफाइलमध्ये पायथनचं एक्स्टेंशन नसतं, आणि पायथनमधली चूक त्याशिवाय दाखवली जात नाही, म्हणून तेही घाला. आता तुमची चाचणीची फाइल उघडा आणि बघा:

मराठी कॉमेंट सरळ अक्षरात आहे का? शोधलेला शब्द आणि निवडलेला शब्द वेगळे ओळखू येतात का? मुद्दाम ठेवलेल्या चुकीखालची लाल रेघ दिसते का? टर्मिनलमधला पिवळा वाचता येतो का? गिटमधला (फाइलींतल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनातला) फरक उघडल्यावर वाढवलेली आणि काढलेली ओळ लाल-हिरवा भेद न दिसणाऱ्यालाही कळेल का, म्हणजे एक फिकी आणि एक गडद आहे का?

सगळं जुळलं की तुमच्या रोजच्या प्रोफाइलमध्येही हेच एक्स्टेंशन घाला आणि सेटिंग्जमध्ये रंगांच्या जुन्या नोंदी असतील तर काढून टाका. त्या राहिल्या तर तुम्ही बघत असलेली थीम आणि लोक बघत असलेली थीम कायम वेगळी राहील.

टप्पा ७: द्या

थीमची व्हीएसआयएक्स फाइल लहान असते. पेनड्राइव्हवर, ब्लूटूथने, व्हॉट्सॲपवर कशीही जाते. रेंज नसलेल्या गावातही अडचण येत नाही. व्हॉट्सॲपवर पाठवताना ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, मजकूर चिकटवू नका. मोबाइलवर उतरवताना नावामागे ‘डॉट झिप’ चिकटलं असेल तर ते काढायला सांगा. फाइल उघडून आतलं बाहेर काढायचं नाही, तशीच एडिटरला द्यायची. लॅबमध्ये ती घालायला सहसा ॲडमिनचा पासवर्ड लागत नाही, कारण एक्स्टेंशन वापरणाऱ्याच्या स्वतःच्या फोल्डरात जातं. मशीन रोज पुसलं जात असेल तर फाइल पेनड्राइव्हवर जवळ ठेवा.

याऐवजी तीन आडवाटा वापरल्या जातात, त्यांच्याबद्दल थोडक्यात. प्रोजेक्टच्या फोल्डरातल्या सेटिंग्जमध्ये रंग टाकले तर तो प्रोजेक्ट उघडणाऱ्या प्रत्येकावर ते लादले जातात. तसं करू नका. सेटिंग्ज सिंक ही तुमच्याच दोन मशीनसाठीची सोय आहे, दुसऱ्याला देण्यासाठी नाही. प्रोफाइल एक्स्पोर्ट करता येतं, पण त्यात एक्स्टेंशन्सची फक्त यादी जाते. व्हीएसआयएक्समधून घातलेली थीम समोरच्याला त्यातून मिळत नाही, उलट तुमच्या बाकीच्या सेटिंग्ज मात्र मिळतात.

टप्पा ८: बदल करायचा झाला तर

रंग दुरुस्त करायचा असेल तर थीमच्या फाइलीत करा, सेटिंग्जमध्ये नाही. मग पॅकेज डॉट जेसनमधला आवृत्तीचा आकडा वाढवा: किरकोळ रंगबदलाला शेवटचा, नवी थीम वाढवली तर मधला. आकडा न वाढवता तीच फाइल पुन्हा पाठवली तर कुणाकडे जुनी आहे आणि कुणाकडे नवी, हे तुम्हालाही सांगता येणार नाही. टप्पा ६ पुन्हा पूर्ण करा, मगच नवी फाइल पाठवा. जुनी व्हीएसआयएक्स पुसू नका. नवा रंग कुणाच्या डोळ्यांना मानवला नाही तर त्याला मागची फाइल द्यायची, ती तीन टिंबांच्या त्याच मेन्यूतून जुनी आवृत्ती परत बसवते.